‘कोरडवाहू’चा सूर खाली कसा आला

पहिल्या गाण्याच्या जेमतेम चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात समोरच्या दावणीतला एक खोंड खुंटा उपटून पळाला. त्याच्यामागे त्याचा मालक पळाला. मालकामागे दोन कुत्री. चारा छावणीतली माणसं उठून उभी राहिली. काहींनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे.

मी स्टेजच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. मांडीवर पांढरी गिटार होती. पुढे जे वाजत होतं ते गाणं नाही, एवढं मला कळत होतं. दोन गिटारी एका सुरात होत्या, बास गिटार दुसऱ्याच सुरात, आणि आमची गायिका रोहिणी बिचारी दोन्हींच्या मध्ये गळा ताणून उभी राहायला जागा शोधत होती.

या कार्यक्रमाबद्दल नंतर पुष्कळ लिहून आलं. त्यातली एक गोष्ट खरी आहे. खोंड खरोखरच पळाला होता. बाकीचं दुरुस्त करायचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी अंबाजोगाईत वाद्यं दुरुस्त करतो. पेटी, तबला, बँजो, कीर्तनकारांच्या वीणा, जे येईल ते. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. लग्नं, गणपती, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, सगळं केलं. पुढे बोटं आखडली आणि दुकान टाकलं. म्हातारपणी ही चार पोरं भेटली आणि मी त्यांचा ‘गिटार टेक’ झालो. गिटार टेक म्हणजे स्टेजमागे बसून गिटारी सुरात लावून ठेवणारा माणूस. वाजवणारा एक गिटार त्याच्या हातात देतो आणि दुसरी घेऊन जातो.

त्यांच्या बँडचं नाव ‘कोरडवाहू’. वाजवायचे पंक रॉक. मी पहिल्याच दिवशी रोहिणीला विचारलं होतं, “पंक म्हणजे काय गं?”

“काका, तीन कॉर्ड, दोन मिनिटं, आन् तोंडावर खरं बोलायचं.”

“ते तर आमच्या ग्रामसभेतबी होतं.”

“तिथं कॉर्ड नसतात,” ती म्हणाली.

कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम छेडणं. रोहिणी गायची आणि गिटार वाजवायची. मंगेश दुसऱ्या गिटारवर. शकील बास गिटारवर. बास म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. आणि ड्रमवर बाळू, ज्याला सुराशी काही देणंघेणं नव्हतं आणि म्हणून तो कायम आनंदात असायचा.

आता थोडं तारांविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटारला सहा तारा. त्या कोणत्या सुराला लावायच्या याची एक नेहमीची रीत आहे, तिला स्टँडर्ड ट्युनिंग म्हणतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांत जाड तार पांढरी तीनला लागते. पण ही काही सक्ती नाही. पंकवाले ती सोयीप्रमाणे मोडतात. फक्त जाड तार पांढरी दोनला उतरवली की तिला ‘ड्रॉप डी’ म्हणतात. आवाज दांडगा होतो, आणि एकच बोट आडवं टाकून कॉर्ड धरता येते. गाणं सुसाट पळत असताना एक बोट कुठंही पोचतं. तीन बोटं एकमेकांत अडखळतात. तिसरी रीत गाणाऱ्याच्या गळ्यासाठी. सहाही तारा अर्धा सूर उतरवायच्या. कार्यक्रमाच्या शेवटी गळा बसला की वरचे सूर जड जातात, मग अख्खी गिटारच थोडी खाली आणायची. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

चालू कार्यक्रमात खुंट्या पिळत बसलं तर लोक चहाला निघून जातात. म्हणून आम्ही तीन गिटारी तीन तऱ्हांनी लावून ठेवायचो. लाल गिटार स्टँडर्ड, ती रोहिणीची. काळी ड्रॉप डी, ती मंगेशची. आणि पांढरी अर्धा सूर खाली, ती माझ्या मांडीवर. रोहिणीने मागे वळून गळ्याला हात लावला की लाल घ्यायची आणि पांढरी द्यायची. एवढंच माझं काम. ते मी चोख करायचो, असं माझं मत होतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. घाटनांदूरच्या बाजूला एका सहकारी दूध संघाने चारा छावणी उघडली होती. जनावरं आणि त्यांच्यामागे माणसंही तिथंच राहायला आली होती. दिवसभर कडब्याची, पाण्याची वाट बघायची आणि दुपार कलली की भजन. रोहिणीचे वडील लिंबाजी आबा त्या भजनात पेटी वाजवायचे. गाव युसूफ वडगाव. दर वर्षी दसरा झाला की बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे बैलजोडी छावणीत आणि आबाही छावणीत.

रोहिणीला पुण्याहून बोलावणं आलं होतं. बँडने दोन महिने तिकडं राहायचं, गाणी रेकॉर्ड करायची, चार ठिकाणी वाजवायचं. आबांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, “हितं वाजवा. छावणीत, समद्यांसमोर. मी ऐकतो. लोकं हसली तर पुणं न्हाई आन् ब्यांडबी न्हाई.”

रोहिणी नसली तर ‘कोरडवाहू’ नव्हतंच. तेव्हा त्या दिवशी आम्ही जीपमधून निघालो ते चौघांचंही पुणं त्या तीन गिटारींवर टांगून.

छावणीचा कारभार बघायला संघाचे सुपरवायझर होते, कदम साहेब. मोठ्या आवाजाचा, घाईचा माणूस. पोचल्या पोचल्या म्हणाले, “भजन संपलं की लगीच तुमी. दूध काढायच्या आत आटपा. आन् हे बघा, जनावरं बुजली तर मी बंद करणार. माझ्या म्हशी आधी, तुमचं गाणं मंग.”

भजन चालू होतं. गिटारी बाहेर काढल्या तर सगळ्या तारा सैल. उन्हात तापलेली जीप, लोखंडी तारा. तापल्या की त्या लांबतात आणि सूर उतरतो. नव्याने लावायला हव्या होत्या. सूर दाखवणारं चिमट्याएवढं मशीन येतं. ते आमच्याकडे एकच होतं आणि ते शकीलकडे होतं. त्याने आपली बास लावली आणि तो पाणी प्यायला टँकरकडे गेला. त्याला हाक मारायला हवी होती. पण मी आयुष्यभर कानाने तारा लावलेला माणूस. समोर आबांची पेटी वाजत होती. भजनात सगळं पेटीला लागतं, तबला पेटीला, वीणा पेटीला, गाणारे पेटीला. माझा कान आपोआप तिकडं गेला. पांढरी तीन ऐकली, लाल गिटारची जाड तार तिला मिळवली, मग बाकीच्या तारा. मग काळी. मग पांढरी. भजन संपायच्या आत तिन्ही तयार. मी स्वतःवर खूश होऊन तंबाखू मळली.

आता, पेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात. हवेने त्या थरथरतात आणि सूर निघतो. वर्षानुवर्षं धूळ बसली, टोकाला मळ धरला की त्या जड होतात आणि पेटी उतरते. सगळ्या जिभा सारख्याच उतरल्या तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही, कारण पेटी स्वतःशी सुरातच असते. दुसरं अचूक वाद्य शेजारी येईपर्यंत तिचं बिंग फुटत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. आबांची पेटी त्यांच्या वडिलांची, ऊसतोडीच्या फडांतून बैलगाडीत हिंडलेली. ती पाऊण पट्टी तरी, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर, उतरलेली असणार, हे मला ती न बघताही कळायला हवं होतं.

म्हणजे हिशेब असा झाला: दोन गिटारी आबांच्या पेटीला लागलेल्या, आणि शकीलची बास मशीनला. एकट्या शकीलचीच बरोबर. आणि तिघांनी एकदम दणका दिला, तेव्हा खोंड पळाला.

कदम साहेब स्टेजकडे धावत आले. “ए, थांबवा बे ते! जनावरं बुजायलीत, दिसंना का?”

बँड थांबला. माणसं हसायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, “आरं, वाजवू द्या की! माजी म्हैस आज पैल्यांदा उटून उबी राह्यली!” त्यावर आणखी हशा. आबा पुढच्याच सतरंजीवर बसले होते. पेटी अजून मांडीपाशीच होती, भाता मिटलेला, आणि त्यांचा चेहराही तसाच मिटलेला.

कदम साहेबांनी बोट शकीलकडे केलं. “ह्याचंच हाय सगळं. ही लांब मानंची गिटार. हिचाच आवाज सगळ्यात घाण यायलाय.”

“साहेब, माजी बरोबर हाय,” शकील म्हणाला. “मी मशीनवर—”

“गप बे. मला कान न्हाईत का?”

‘मशीनवर’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेटीकडे बघितलं. मग हातातल्या तंबाखूकडे बघितलं. तोंड काही उघडलं नाही.

रोहिणी मागे आली. कपाळावर घाम, पण आवाज शांत. “काका, कशाला लावलंत?”

“पेटीला.”

“कोनाच्या?”

मी हनुवटीने आबांकडे खूण केली. तिला लगेच कळलं. त्या पेटीजवळच ती लहानाची मोठी झालेली.

“वर घ्यायला किती येळ?”

“दोन गिटारी, बारा तारा. आन् तापल्यात. वर वढल्या तर दोन-चार तुटणार. आपल्याकडं सुट्या तारा न्हाईत.”

“आन् शकीलच्या चार. त्या खाली सोडायच्या तर तुटायचं भ्या न्हाई.” ती वळली. “शकील, तू खाली ये. आमी वर येत न्हाई.”

शकीलने एकदा माझ्याकडे बघितलं. बास खांद्यावरून पुढे घेऊन स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसला.

रोहिणीने कदम साहेबांकडे दोन मिनिटं मागितली. ते म्हणाले, “एकदाच. परत मधी थांबला तर जनरेटर बंद.”

मग ती बापाकडे वळली. “आबा, पांढरी तीन धरा.”

“कावून?”

“धरा तर.”

भजनाच्या माणसाची एक गोष्ट असते. कोणी सूर मागितला तर पेटीवाला नाही म्हणत नाही. घरात बोलचाल बंद असली तरी नाही. आबांनी तोंड दुसरीकडं करून भाता उघडला आणि पांढरी तीन धरली. शकीलने त्या सुरावर पहिली तार सोडली. हळूहळू खाली, खाली, आणि मिळाली. मग दुसरी. सगळ्या छावणीसमोर तो एकटा आपलं वाद्य दुरुस्त करत होता, आणि जो दुरुस्त करतो त्याचंच बिघडलं होतं, असं बघणारा समजतो. कदम साहेबांनी तर माइकच घेतला. “मंडळी, बसून घ्या. बासवाल्याचा सूर बिघडलता. आता जाग्यावर आणायलेत.”

लोक शकीलला हसले. मी स्टेजमागे होतो. दुसरा माइक माझ्या हाताच्या अंतरावर उभा होता. मी तंबाखू दाढेखाली धरून बसून राहिलो.

दुसरं गाणं सुरू झालं आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. सगळी वाद्यं एकाच उतरलेल्या सुरात, आणि त्या सुरात रोहिणीचा गळा असा बसला, जसा मापाचा जोडा पायात बसतो. एरवी ती वरच्या सुरांना शेवटी किंचाळायची. इथं तिला किंचाळावं लागेना. ओरडत होती, पण शब्दन् शब्द कळत होता.

*टँकर आला, टँकर आला,*
*सरपंचाच्या दारी न्हाला,*
*आमच्या घागरीत काय आलं?*
*चाकाची धूळ! चाकाची धूळ!*

मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्या आधी पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्यांदा ‘काय आलं?’ म्हटल्यावर त्यांच्यातल्याच एकीने खणखणीत उत्तर दिलं, “चाकाची धूळ!” तिसऱ्यांदा अख्ख्या छावणीने दिलं. भजनी मंडळींनी टाळ अजून पिशवीत भरले नव्हते. ते बाहेर आले. पुढाऱ्यासारखे पुढे बसलेले दोन-तीन जण तेवढे ‘ऐकू आलं नाही’ असा चेहरा करून बसले.

आणि आबांचं बोट अजून पांढरी तीनवरच होतं. सूर मागितला होता, मिळाला, काम झालं. पण त्यांनी ते उचललंच नाही. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या पट्टीवर गेलं. तिसऱ्या गाण्यात पेटी सरळ सोबतीला वाजत होती. त्यांना कॉर्ड माहीत नव्हत्या. पोरगी कुठं जाणार हे माहीत होतं, तेवढं पुरलं.

पांढरी गिटार माझ्या मांडीवरच राहिली. रोहिणीने मागे वळून गळ्याला हात लावलाच नाही.

शेवटच्या गाण्याआधी मंगेशच्या काळ्या गिटारची जाड तार खुंटीपाशी तुटली. ते गाणं ड्रॉप डीशिवाय होत नाही. थांबता येत नव्हतं, कदम साहेब जनरेटरच्या शेजारी खुर्ची टाकूनच बसले होते. बाळू ड्रम बडवत राहिला. रोहिणीने लाल गिटारची जाड तार छेडली आणि ती वाजत असतानाच खुंटी फिरवायला लागली. सूर खाली निघाला. भोंग्यातून तो असा उतरत गेला, जणू कोणी खोल विहिरीत पोहरा सोडतोय. रोहिणी बापाकडे बघत होती. आबांनी पांढरी दोन धरली. तार तिथं येऊन टेकली आणि घोगऱ्या आवाजात गुरगुरली.

“तळ लागला बे!” कोणीतरी ओरडलं.

त्या उन्हाळ्यात हे वाक्य ज्याने त्याने आपापल्या विहिरीवर ऐकलेलं होतं. छावणी अशी हसली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि बँडने शेवटचं गाणं जे सोडलं, ते मी माझ्या सगळ्या ऑर्केस्ट्राच्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. जनावरं? जनावरं रवंथ करत होती. खोंडसुद्धा परत येऊन कडबा खात होता.

कार्यक्रम संपला. आबा फडक्याने पेटी पुसत होते. रोहिणी समोर जाऊन उभी राहिली. मी, मंगेश, बाळू वायरी गुंडाळण्याचं नाटक करत जवळच थांबलो. शकील जरा लांब होता, त्याला दोन पोरं चिडवत होती.

“आबा, लोकं हसली,” रोहिणी म्हणाली.

“हसली की. मीबी हसलो.” त्यांनी पेटीला कुलूप लावलं. “पन तुमचं एक कळलं मला. ह्या पेटीबिगर तुमच्या त्या इलेक्ट्रिकच्या वाद्यांला सूर सापडत न्हाई.”

“त्या बासवाल्याला तर आजाबात सापडंना. पेटी धरली तवा कुटं सुदारला. आन् पुन्यात कोन धरनार तुमाला सूर?” त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि रोहिणीच्या हातात दिली. “घिऊन जा. कडब्यात झाकून ने, धक्का लागू दिऊ नको. दोन म्हयन्यानं पेटी परत पायजे. पेटीसंगं तूबी.”

रोहिणीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. आता कोणी म्हणालं असतं की आबा, पेटी उतरलेली आहे, एकटी बासच बरोबर होती, तर पुणं जागीच बुडालं असतं. शकीललाही कळलं होतं. त्याने लांबूनच मान हलवली, म्हणजे असू द्या. तो दिवस गप्प बसायचाच होता, हे मी आजही म्हणेन. पण नंतरचे इतके दिवस गप्प बसायचं काही कारण नव्हतं. तिथंच माझं चुकलं.

पोरं पुण्याला गेली. पेटी कडब्यात झाकून गेली. ती तिथं लोकांना फार आवडली. रोहिणीने तिच्या सुरांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून घेतलं, आणि आजही कार्यक्रमाआधी ‘कोरडवाहू’ची सगळी वाद्यं त्या रेकॉर्डिंगला लागतात. म्हणजे कुठल्याच कायद्यात न बसणाऱ्या, पाऊण पट्टी खालच्या सुराला. आणि दर कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी रोहिणी ती जाड तार वाजती ठेवून खाली सोडते. आधी नाइलाज होता, आता लोक त्याचीच वाट बघतात.

मग लेख यायला लागले. एकाने लिहिलं की ‘कोरडवाहू’च्या उतरत्या तारा म्हणजे मराठवाड्याची उतरती भूजल पातळी. दुसऱ्याने शोध लावला की गाईगुरांना खालचा सूर आवडतो, म्हणून छावणीत मुद्दाम तसं केलं. आणि हे सगळं कोणी योजलं? तर अंबाजोगाईच्या अनुभवी मास्तरांनी, म्हणजे मी. एका पतसंस्थेने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. मी नको म्हणालो नाही. उलट भूजल पातळीवर चार शब्द बोललो. टाळ्या पडल्या.

शकीलच्या वाट्याला काय आलं? केज भागात त्याचं नाव ‘खोंडपळव्या’ पडलं. लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवायला गेला की पोरं ओरडायची, “शकील आला बे, जनावरं बांधून घ्या!” एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला घेतलं नाही, म्हणाला, ह्याचा कान कच्चा आहे. ज्याचा कान त्या दिवशी एकट्याचाच पक्का होता, त्याला. तो हसून सोडून द्यायचा. तो हसायचा, म्हणून मला सोपं जायचं.

गेल्या दिवाळीत रोहिणीने आबांना नवी पेटी घेऊन दिली. चार दिवसांनी आबा जुनी पेटी पोत्यात घालून माझ्या दुकानात हजर. ती टेबलावर ठेवली, नवीही ठेवली, आणि दोन्हींची पांढरी तीन एकदम धरली. दुकानात असा आवाज झाला की समोरचा चहावाला बाहेर आला.

“मास्तर, ही लई उतरलीया,” आबा म्हणाले.

“हाय थोडी.”

“थोडी? तुमाला म्हाईत हुतं का?”

“होतं.”

“कदीपासनं?”

“छावणीपासनं. खोंड पळाला तवापासनं.”

आबांनी दोन्ही पट्ट्या सोडल्या. बराच वेळ डोकं खाजवलं. “मंग तवा कावून बोलला न्हाईत?”

“बोललो असतो तर रोहिणीला पुण्याला सोडलं असतं का तुमी?”

“न्हाई.” हे त्यांनी लगेच कबूल केलं. मग त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. “म्हंजी ते शकील पोरगं सुरात हुतं?”

“एकटं तेच.”

“आन् तुमी शाल घेतली!” त्यांना एवढं हसू आलं की खोकला लागला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र हसायचे थांबले. “मास्तर, ही पेटी दुरुस्त करू नका, हाय तशी र्‍हाऊ द्या. पन ते दुसरं दुरुस्त करा. लिवून काडा. माज्या पेटीचं नावबी खुशाल घाला. आता काय, पोरगी काय परत घरी बसनार न्हाई.”

म्हणून हे लिहिलं. लिहिण्याआधी शकीलला फोन केला. तो आता बासच शिकवतो, त्याच्याकडे दहा-बारा विद्यार्थी येतात. मी म्हणालो, “तुझं नाव साफ करायलोय.”

“काका, कशाला उगं? लोकं त्या खोंडामुळंच मला वळखत्यात. पोरांचे बाप तेच इचारतात, खोंडवाले सर तुमीच का म्हणून. लगीच अॅडमिशन.”

“तरी लिहितो.”

“लिवा मग,” तो म्हणाला. “ माझ्या अब्बांला वाचून दाखवीन. ते वरातीचे बँडवाले हायत, त्यांला लई लागलं होतं ते.”

हे इतके दिवस मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

या धंद्यात एक गोष्ट मी उशिरा शिकलो. सगळे मिळून चुकीच्या सुरात असले आणि एकजण बरोबर असला, तर कानाला बेसूर तो एकटाच लागतो. कार्यक्रम चालू असेल तर सगळ्यांना वर ओढत बसू नये, तारा तुटतात. त्या एकट्यालाच खाली बोलवावं, तो येतोही. पण कार्यक्रम संपल्यावर माइक बंद व्हायच्या आत त्याचं नाव घेऊन लोकांना सांगावं की हा खाली आला तो आपल्यासाठी आला.